महाकाय राक्षसाशी लढाई: आकडे, पाळ्या आणि जागा यांचा मेळ कसा बसवायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, फासे टाकून खेळायच्या भूमिकांच्या खेळात चाळीस फुटी राक्षस टेबलावर आणला की बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. एकतर चौघे खेळाडू त्याला गराडा घालतात आणि दुसऱ्या राउंडच्या (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड) शेवटी तो आडवा होतो. तोवर बिचाऱ्याला जेमतेम एकदा पंजा उगारायला मिळालेला असतो. नाहीतर पहिल्याच फटक्यात जादूगार गारद होतो आणि तो खेळाडू पुढचा तासभर मोबाईल चाळत बसतो. दोन्ही वेळा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, पुढच्या खेपेला एकच उपाय करतो: राक्षसाचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसेल तो आकडा, वाढवतो किंवा घटवतो. दुखणं तिथे नसतंच.

अशी लढाई तीन गोष्टींवर तोलली जाते. एका राउंडमध्ये कोणाला किती वेळा हात चालवायला मिळतो, एका माणसाला एका दमात जास्तीत जास्त किती लागू शकतं, आणि राक्षस जागा कशी अडवतो. हिट पॉइंटचा नंबर त्यानंतर. खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतल्या २०१४च्या नियमांचे आहेत. पाथफाइंडर हा तसाच दुसरा खेळ खेळणाऱ्यांसाठी काय बदलतं ते शेवटाकडे आहे.

आधी आपल्या टोळीचं वजन करा

राक्षस निवडण्याआधी कागद घ्या आणि आपली टोळी एका राउंडमध्ये सरासरी किती मारते ते काढा. कृती अशी: एका वाराचं सरासरी नुकसान, गुणिले लागण्याची शक्यता, गुणिले वारांची संख्या. फाशांची सरासरी पाठ करून ठेवा (डी६ म्हणजे सहा बाजूंचा फासा, २डी६ म्हणजे तसे दोन): डी६ची ३.५, डी८ची ४.५, डी१०ची ५.५, डी१२ची ६.५.

आठव्या स्तराचे चौघे धरू. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १७, आणि फाशात मिळवायचा आपला बोनस अधिक ८. म्हणजे डी२०वर ९ किंवा जास्त पडलं की वार लागला: वीसपैकी बारा आकडे, ६० टक्के. योद्ध्याची दोन हातांची तलवार २डी६+५, सरासरी १२. दोन वार, ६० टक्क्यांनी १४ च्या आसपास. क्रिटिकल (२० पडला की दुप्पट फाशांचा वार) धरून १५ म्हणा. रोगचा, म्हणजे चोरपावलांनी लढणाऱ्याचा, एकच बाण, पण चोरट्या वाराचे ४डी६ धरून सरासरी साडेतेवीस, त्याचे साठ टक्के १४. जादूगार मोठे मंत्र आणि कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे मंत्र) मिळून साधारण १४. क्लेरिक, म्हणजे देवाचा पुजारी, १०. बेरीज ५३.

आता हिट पॉइंट कुठून येतात ते दिसेल. लढाई पाच राउंड चालायला हवी असेल तर ५३ गुणिले ५, म्हणजे २६५. चार राउंडपेक्षा कमी लढाईत राक्षसाला स्वतःची ओळखच करून देता येत नाही, आणि सहाच्या पुढे खेळाडू नुसते फासे टाकत राहतात. चार ते पाच हे माप बऱ्याच टोळ्यांना मानवतं. टेबलावर सात-आठ खेळाडू असतील तर चारच धरा, नाहीतर रात्र संपेल पण लढाई संपणार नाही.

या हिशोबात एक खड्डा आहे, तो म्हणजे ॲडव्हांटेज. दोन फासे टाकून मोठा घ्यायचा म्हटलं की ६० टक्क्यांचे ८४ होतात, आणि ५३ चे थेट ७४. तोच २६५चा राक्षस चौथ्या राउंडमध्ये संपतो. दोन्ही बाजूंनी घेरलं की ॲडव्हांटेज देणारा ऐच्छिक नियम तुमच्या टेबलावर चालू असेल, तर या एका लढाईपुरता तो बंद ठेवा. वीस फूट रुंद जनावराला घेरायला कसब लागत नाही, आजूबाजूला उभं राहिलं की झालं. बंद ठेवणार असाल तर लढाई सुरू होण्याआधी सांगा, मध्येच नको.

फटक्याची मर्यादा

आता उलट बाजू. याच टोळीचे हिट पॉइंट: योद्धा ६८, रोग ५९, क्लेरिक ५९, जादूगार ५०. एकूण २३६. लढाई जीवघेणी वाटावी पण टोळी वाचावी असं हवं असेल, तर राक्षसाने पूर्ण लढाईत या बेरजेच्या साधारण ६० ते ७० टक्के नुकसान प्रत्यक्षात करावं. पाच राउंडसाठी वरचं टोक धरलं तर १६५, म्हणजे राउंडला ३३. काही वार चुकणार हे धरून कागदावर राउंडला ५०च्या आसपास ठेवा.

पण हे ५० एकाच माणसावर पडले तर जादूगार जागीच झोपतो. म्हणून दुसरी मर्यादा घाला. सगळ्यात कमी हिट पॉइंट असलेल्या पात्राच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त नुकसान एका पाळीत एका माणसाला होता कामा नये. इथे ५० चे तीन चतुर्थांश, म्हणजे ३७. पूर्ण ताकदीचा माणूस एका पाळीत शून्यावर येतो तेव्हा खेळाडूला कुठलाच निर्णय घ्यायला मिळालेला नसतो. अर्धमेला होऊन उरला तर पळावं, प्यावं की मारावं, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. लढाईतली गंमत तीच.

ही मर्यादा मोडली की काय होतं ते प्रौढ लाल ड्रॅगनवरून बघा. त्याची आगीची फुंकर १८डी६ची, सरासरी ६३. पाचव्या स्तराच्या जादूगाराचे, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) अधिक २ धरून, ३२ हिट पॉइंट असतात. सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, हुकली की तो शून्यावर येतो आणि ३१ नुकसान उरतं. उरलेलं नुकसान कमाल हिट पॉइंटइतकं, म्हणजे ३२ झालं, की नियमाने मृत्यू जागच्या जागी; डेथ सेव्हचा (शून्यावर आल्यावर जगण्यासाठी टाकायच्या फाशांचा) प्रश्नच येत नाही. म्हणजे सरासरी फाशावर तो अवघ्या एका आकड्याने वाचतो, आणि सरासरीच्या वर काहीही पडलं की संपला. सेव्हचा अंक, म्हणजे गाठायचा आकडा, २१. जादूगाराची डेक्स्टेरिटी (चपळाई) अधिक २ असेल तर फक्त १९ आणि २० पडले तरच तो निम्म्यावर सुटणार. याला लढाई कोण म्हणेल? असा राक्षस कमी स्तराच्या टोळीसमोर आणायचाच असेल तर त्याला लढायला आणू नका. त्याच्यापासून पळायला, लपायला किंवा त्याच्याशी बोलायला आणा.

पाळ्यांचं गणित

चार खेळाडूंना चार पाळ्या, वर बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) आणि रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीतली झटपट कृती). एकट्या राक्षसाला एक पाळी. ती पाळी सुरू होईस्तोवर चौघांनी मिळून त्याचा पाचवा हिस्सा उडवलेला असतो. हिट पॉइंट दुप्पट केले तरी तो राउंडला एकदाच हलतो, फक्त जास्त वेळ उभा राहून मार खातो.

पुस्तकातला उपाय म्हणजे लेजेंडरी ॲक्शन. दुसऱ्या कोणाची पाळी संपली की एक, असं राउंडला तीनदा. वापरलेल्या ॲक्शन त्याची स्वतःची पाळी सुरू होताना परत मिळतात. इथे बरेच डीएम एक चूक करतात. तिन्ही ॲक्शन एकाच खेळाडूवर खर्चतात, नाहीतर पाळी परत येईपर्यंत विसरतात. तीन मणी समोर ठेवा, वापरला की बाजूला सरकवा. विसरणं बंद होतं.

खरोखर महाकाय राक्षसासाठी मात्र अवयव वेगळे करणं जास्त चांगलं. नियमपुस्तकातच याचा एक नमुना आहे, हायड्रा. पाच डोकी, १७२ हिट पॉइंट. एका पाळीत २५ किंवा जास्त नुकसान झालं की एक डोकं मरतं. आग लागली नसेल तर तिच्या पाळीच्या शेवटी मेलेल्या प्रत्येक डोक्यामागे दोन उगवतात. जितकी डोकी तितके चावे, त्यामुळे खेळाडूंनी काय केलं याचा परिणाम पुढच्याच राउंडमध्ये दिसतो. नुसतं ‘अजून उभा आहे’ ऐकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

हीच कल्पना ताणून एक राक्षस बांधू. पाठीवर झाडं उगवलेलं डोंगरकासव, सहा बाय सहा घरांचं, म्हणजे ३० फूट. वरच्या हिशोबाने एकूण २६० हिट पॉइंट, पण वाटून दिलेले:

डोकं, मान आणि धड मिळून १३०. हे संपले की कासव मेलं. पुढचे दोन पाय, प्रत्येकी ४५. शेपूट ४०. सगळ्यांचा आर्मर क्लास १७. कवचावर मारलेला वार वाया जातो, हे पहिल्याच वाराला स्पष्ट सांगायचं.

डोक्याचा चावा अधिक ८ ने, २डी१०+६, सरासरी १७. पायाची आपट १० फूट त्रिज्येत, डेक्स्टेरिटी सेव्ह १५, २डी८+६, सरासरी १५. दोन पाय असले तरी आपट राउंडला एकच. शेपटीचा फटकारा २० फुटांपर्यंत, २डी६+६, सरासरी १३, आणि लागला तर माणूस आडवा. तिन्हींची बेरीज ४५, पण वेगवेगळ्या पाळ्यांत, त्यामुळे ३७ ची मर्यादा मोडत नाही. तिन्ही जादूगारावरच पडले तरी ५० पैकी ५ उरतात.

पाळ्यांचा क्रम खेळाडूंच्या मधोमध पेरा: खेळाडू, पाय, खेळाडू, डोकं, खेळाडू, शेपूट, खेळाडू. इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) फक्त खेळाडूंनी टाकायची. राक्षसाच्या अवयवांसाठी फासे टाकले तर कधीतरी तिन्ही लागोपाठ येतात, आणि मग पाळ्या वाटण्याचा खटाटोप फुकट जातो.

डोकं १५ फूट उंचावर आहे. जमिनीवरून तलवार पोचत नाही, बाण आणि मंत्र पोचतात. म्हणून योद्धा आणि क्लेरिक पायांना भिडतात: दोघांचे मिळून राउंडला २५, दोन पायांचे ९०, म्हणजे चौथ्या राउंडमध्ये दुसरा पाय जातो. तोवर रोग आणि जादूगार वर २८ च्या दराने मारत राहतात. चार राउंडमध्ये ११२. दुसरा पाय मोडला की कासव पुढे कोसळतं, मान जमिनीला लागते, आणि पाचव्या राउंडमध्ये सगळे मिळून उरलेले १८ संपवतात. एक पाय मोडला की चाल ३० वरून १५ फूट. दोन मोडले की चाल शून्य आणि आपट बंद.

शेपटीचे ४० या हिशोबात कोणी खर्चच करत नाही, हे लक्षात आलं असेल. मुद्दामच तसं ठेवलंय. मागून येणाऱ्याला ती त्रास देते, आणि टोळीने तिच्यावर एक राउंड घालवायचा की आडवं पडत राहायचं, हे त्यांनी ठरवायचं. प्रत्येक अवयव मोडणं सक्तीचं केलं तर लढाई म्हणजे कामांची यादी होते.

अवयवांच्या पद्धतीत दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, फायरबॉल, म्हणजे मोठ्या जागेवर फुटणारा आगीचा मंत्र. तो चार अवयवांना चारदा लागला असं धरलं तर एका मंत्रात चौपट नुकसान होतं. आधीच ठरवा, कासव हा एकच जीव. क्षेत्रावर पडणारा मंत्र त्या क्षेत्रातल्या एकाच अवयवाला लागेल, कुठल्या ते टाकणारा सांगेल. दुसरी, अवयव मोडत जातात तसा राक्षस दुबळा होत जातो आणि शेवटचा राउंड पाणचट होतो. त्यासाठी धडाचे ६५ उरले की डोकं दोनदा चावेल असं ठेवा. दोन चावे ३४, म्हणजे ३७ च्या मर्यादेतच.

जमिनीवरून वर मारता येत नाही म्हटल्यावर योद्ध्याचा खेळाडू विचारणारच: चावायला डोकं खाली येतं तेव्हा मारू का? हो म्हणा. ॲक्शन तयार ठेवायची, डोकं खाली आलं की रिॲक्शनने मारायचं. पण तसा एकच वार मिळतो, कारण जादा वार फक्त स्वतःच्या पाळीत चालतो. खेळाडू हे तोलून मापून निवडेल, आणि तेच हवंय.

जागा

लार्ज म्हणजे दोन बाय दोन घरं, ह्यूज तीन बाय तीन, गार्गँच्युअन चार बाय चार किंवा जास्त. जाड पुठ्ठ्याचा त्या मापाचा तुकडा कापा आणि त्याच्यावर पाय, डोकं, शेपूट कुठे ते पेनाने काढा. चार इंची तुकड्याच्या जागी छोटी सोंगटी ठेवून ‘हा मोठा आहे असं समजा’ म्हणणं चालत नाही. कोण कुठल्या पायाजवळ आहे यावर दर पाळीला वाद होतो.

नकाशा राक्षसाच्या मापाचा हवा. तीस फुटी जनावर चाळीस फुटी खोलीत ठेवलं तर कोणीच हलत नाही आणि सगळी लढाई एका जागी उभं राहून होते. राक्षसाच्या रुंदीच्या किमान चौपट लांबीरुंदी धरा. आपल्या कासवाला १२० बाय १२० फूट. त्यात चार-पाच आडोसे द्या. अर्ध्या आडोशाला आर्मर क्लास अधिक २, तीन चतुर्थांश आडोशाला अधिक ५. आडोसा फोडता येईल असा असावा: राक्षसाने एक पाळी खर्चून तो उद्ध्वस्त केला, तर तेवढी पाळी कोणाच्या अंगावर आली नाही, आणि तरी भीती वाढली. हा सौदा डीएमच्या हातातला सगळ्यात स्वस्त आणि चांगला. राक्षस फार जोरात मारतोय असं वाटलं की त्याला भिंत पाडायला लावा.

लांब पल्ल्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. शेपटीचा पल्ला २० फूट असला की खेळाडू हलले रे हलले की फटका, असं अनेकांना वाटतं. पाचव्या आवृत्तीत संधीचा वार पल्ल्याच्या बाहेर पडताना मिळतो. २० फुटांच्या आत खेळाडू गोल गोल फिरला तरी काही होत नाही. त्यामुळे पल्ला जितका मोठा तितकं जवळ घुसलेल्या माणसाला फिरणं सोपं. राक्षसाच्या पोटाखाली शिरणं हा शहाणपणाचा डाव ठरतो. तो डाव आवडत नसेल तर पोटाखाली थांबणाऱ्याला आपटीची सेव्ह डिसॲडव्हांटेजने (दोन फाशांतला लहान घेऊन) द्या, पण नवा संधीचा वार शोधून काढू नका.

अंगावर चढणं. यासाठी ऐच्छिक नियम आहे: ॲक्शन खर्चून ॲथलेटिक्सचा (ताकद) किंवा ॲक्रोबॅटिक्सचा (चपळाई) फासा, विरुद्ध राक्षसाचा ॲक्रोबॅटिक्सचा. जिंकलं की माणूस अंगाला चिकटतो, राक्षसाबरोबर हलतो आणि त्याच्यावरच्या वारांना ॲडव्हांटेज मिळतो. महाकाय प्राण्यांची चपळाई बहुधा मातीमोल असते, त्यामुळे चढणं सोपं जातं. आणि ॲडव्हांटेज मिळाला की रोगला चोरटा वार आपोआप लागू होतो, तेव्हा पहिला वर चढणारा तोच. ते थांबवू नका, फक्त फुकट देऊ नका. झटकून टाकायला राक्षसाला एका अवयवाची पाळी घालवायला लावा. पुन्हा सामना, हरला तर माणूस खाली. २० फुटांवरून पडला तर २डी६. म्हणजे रोग वर राहिला तर जास्त मारतो, पण तो वर आहे तोवर खालच्यांना एक फटका कमी बसतो. ही देवघेव टोळीला दोनच राउंडमध्ये कळते.

एका मंत्राने संपलेली लढाई

जांभळी महाअळी म्हणजे पर्पल वर्म: २४७ हिट पॉइंट, आर्मर क्लास १८, चॅलेंज रेटिंग (राक्षस किती कठीण त्याचं माप) १५. कागदावर भयानक. पण तिची करिश्मा (व्यक्तिमत्त्वाचा जोर) ४, म्हणजे उणे ३, आणि त्या सेव्हला कसलाही बोनस नाही. मंत्राचा अंक १६ असलेल्या जादूगाराने चौथ्या पातळीचा बॅनिशमेंट, म्हणजे करिश्माची सेव्ह हुकली की जीवाला गायब करणारा मंत्र, टाकला तर अळीला १९ किंवा २० च पडायला हवेत. नव्वद टक्के वेळा ती पहिल्याच पाळीत मिनिटभरासाठी गायब. तोवर टोळी पार निघून गेलेली असते, किंवा ती परत उगवते त्या जागी सापळा मांडून बसलेली असते. तिला लेजेंडरी रेझिस्टन्सही (हुकलेली सेव्ह जमली असं ठरवायची सोय) नाही.

म्हणून राक्षस निवडताना त्याच्या सहाही सेव्ह लिहून काढा आणि टोळीतल्या प्रत्येक घातक मंत्रासमोर ताडून पाहा. मोठ्या जनावरांची ताकद आणि कॉन्स्टिट्यूशन जबर असते. भोकं असतात ती डेक्स्टेरिटी, विजडम, इंटेलिजन्स आणि करिश्मामध्ये.

लेजेंडरी रेझिस्टन्स हा उपाय आहे, पण कोरडा: ‘त्याने सेव्ह केली’ म्हटलं की खेळाडूचा मंत्र वाया, आणि टेबलावर काहीच बदलत नाही. त्याला किंमत लावा. प्रत्येक वेळी वापरताना राक्षसाचे २० हिट पॉइंट जातात, किंवा कवचाचा एक पत्रा उडतो आणि आर्मर क्लास एकाने घटतो. तीन वेळा वापरून १७ चा १४ झाला की योद्ध्यालाही जादूगाराचे आभार मानावेसे वाटतात. चारच्या वर रेझिस्टन्स देऊ नका, जादूगार मंत्र टाकणंच सोडून देतो.

हवेतून मारणारे

टोळी उडाली की काही राक्षस हतबल होतात. २०१४ च्या नियमांतला टॅरास्क नावाचा राक्षस हे याचं ठळक उदाहरण. चॅलेंज रेटिंग ३०, ६७६ हिट पॉइंट, आर्मर क्लास २५, पाच वारांचा मल्टिअटॅक, आणि लांबून मारायला काहीच नाही. सगळ्यात लांब पल्ला शेपटीचा, २० फूट. शंभर फूट उंचीवर उडत, जादूचे बाण मारणारा एक चिकाटीचा माणूस त्याला हळूहळू संपवू शकतो. कंटाळा येईल, पण धोका शून्य.

राक्षस वापरायच्या आधी स्वतःला विचारा: माझी टोळी साठ फूट वर गेली तर हा काय करेल? उत्तर ‘काही नाही’ असेल तर एक लांबचा फटका द्या: उपटलेलं झाड किंवा दगड, पल्ला ६० फूट, फार तर १८०, आणि नुकसान जवळच्या फटक्याच्या दोन तृतीयांश. किंवा जमिनीत घुसण्याची सोय द्या, म्हणजे तो लक्ष्य म्हणून उपलब्धच राहत नाही. तिसरा मार्ग जास्त आवडावा असा आहे: टोळीला खाली खेचणारं काम ठेवा. राक्षस धरणाच्या भिंतीकडे चाललाय आणि पाच राउंडमध्ये पोचणार. मग वरून टिचक्या मारत बसणं परवडत नाही.

गिळणं

गिळण्याचा प्रसंग खेळाडूंच्या लक्षात राहतो, चांगल्या किंवा वाईट अर्थाने. महाअळीच्या पोटात दर पाळीला ६डी६ आम्ल, सरासरी २१. आतला माणूस आंधळा आणि जखडलेला. बाहेर यायला आतून एकाच पाळीत ३० नुकसान करायचं, वर अळीची २१ अंकाची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह हुकायला हवी. तिचा बोनस अधिक ११, म्हणजे १० पडलं की तिने पचवलं. ३० नुकसान जमलं तरी सुटकेची शक्यता ४५ टक्के. ५० हिट पॉइंटचा जादूगार आत गेला तर तिसऱ्या पाळीला तो शून्यावर. आंधळा असल्याने समोरचं दिसावं लागणारे मंत्रही बंद.

यात इतकं बदला. सुटकेसाठी २० नुकसान, सेव्ह नाही. बाहेरच्यांनी एका राउंडमध्ये गळ्यावर ४० केले तरी राक्षस ओकून टाकेल. एका वेळी पोटात एकच जण. आणि गिळणं लागोपाठ दोन राउंड नाही. या चार ओळींनी प्रसंग भयानकच राहतो, पण सुटकेचं दार दिसत राहतं.

फुंकर आणि घड्याळ

पुस्तकातली फुंकर ५ किंवा ६ पडल्यावर परत भरते, एकतृतीयांश शक्यता. पहिल्या राउंडला वापरली आणि लढाई पाच राउंडची असेल, तर पुढच्या चार राउंडमध्ये एकदाही न भरण्याची शक्यता साधारण २० टक्के, आणि दुसऱ्या व तिसऱ्या दोन्ही राउंडला भरण्याची नवातली एक. म्हणजे याच राक्षसाशी एक टोळी हसत खेळत जिंकते आणि दुसरी संपूर्ण मरते, फक्त फाशामुळे. एकट्या महाकाय राक्षसासाठी हा फासा काढून टाका. फुंकर दुसऱ्या आणि पाचव्या राउंडला, ठरलेली.

आणि आधी खूण द्या. पहिल्या राउंडच्या शेवटी छाती फुगते, कल्ल्यांतून वाफ निघते, आणि नकाशावर कोनाची घरं दोऱ्याने दाखवा. खेळाडूंना एक पाळी मिळते: पांगायचं, आडोसा गाठायचा, की तोंडात बाण मारून ३० नुकसानाने फुंकर मोडायची. आधी खूण दिली असेल तर फुंकरीला ३७ ची मर्यादा ओलांडू द्यायला हरकत नाही, कारण त्या घरात उभं राहणं आता खेळाडूची निवड आहे. आश्चर्य वाटतं, पण खूण दिलेल्या फुंकरीला लोक जास्त घाबरतात.

लढाई चालू असताना

प्रौढ लाल ड्रॅगनचे हिट पॉइंट १९डी१२+१३३. पुस्तकात २५६ छापलेत, पण फाशांनी १५२ पासून ३६१ पर्यंत काहीही येऊ शकतं. या पट्ट्यातला आकडा लढाईआधी निवडा आणि लिहून ठेवा. मध्येच हिट पॉइंट चोरून वाढवणं टाळा. खेळाडूंनी हिशोब ठेवलेला असतो, आणि एकदा कळलं की पुढच्या कुठल्याच विजयावर त्यांचा विश्वास बसत नाही.

बदलायचं ते राक्षसाचं वागणं. टोळी बुडतेय? तो पडलेल्याला सोडून सगळ्यात मोठा आवाज करणाऱ्याकडे वळतो, भिंत पाडतो, गिळलेलं ओकतो. टोळी फार पुढे आहे? तो उताराकडे सरकतो, अरुंद जागेतून बाहेर पडतो. अरुंद जागा हे खेळाडूंचंही हत्यार आहे: एक माप लहान जागेत दाटीने शिरलेल्या जीवाचे वार डिसॲडव्हांटेजने, त्याच्यावरचे वार ॲडव्हांटेजने. खेळाडूंनी ते डोकं लढवून साधलं असेल तर त्याला तिथे दोन राउंड अडकू द्या, लगेच सोडवू नका.

जनावर असेल तर चौथाई हिट पॉइंटला पळू द्या. मरेपर्यंत लढणारा राक्षस फक्त भारलेला, कोंडलेला किंवा पिल्लांची राखण करणारा असावा. टोळीलाही पळायची वाट नकाशावर हवी. त्यांची चाल ३० फूट आणि ड्रॅगन उडतो ८० फूट, तेव्हा नुसता रस्ता पुरत नाही. राक्षस शिरू शकणार नाही असं भोक हवं.

पाथफाइंडरमध्ये

दुसऱ्या आवृत्तीत अंकापेक्षा १० ने जास्त आलं की क्रिटिकल, त्यामुळे राक्षसाची पातळी वाढवली की तो जास्त लागतो आणि जास्त वेळा दुप्पट लागतो. चौघांच्या टोळीसाठी टोळीच्या पातळीहून अधिक २ चा राक्षस ८० एक्सपी (सामना किती जड ते मोजायचे गुण), अधिक ३ चा १२०, अधिक ४ चा १६०. शेवटचा एक्स्ट्रीम. त्याच्यावर योद्ध्याचे वार चुकत राहतात आणि जादूगाराचे मंत्र गळून पडतात. इन्कॅपॅसिटेशनवाले (शत्रूला एका दमात निकामी करणारे) मंत्र तर आणखी एक पायरी खाली जातात. १२० चा सिव्हिअर सामना हवा असेल तर अधिक ३ चा एकटा आणण्यापेक्षा अधिक २ चा एक आणि उणे २ चे दोन, प्रत्येकी २०, असे घ्या. ते दोन म्हणजे अंगावरच्या गोचिड्या, पाठीवरचे स्वार, काहीही. पाळ्यांची वाटणी आपोआप होते आणि क्रिटिकलचा पाऊस थांबतो.

एकट्याने दोन राउंड

खेळाच्या आधी वीस मिनिटं काढून एकट्याने दोन राउंड खेळून पाहा. टोळीकडे सगळ्यात महागडा मंत्र आणि ॲक्शन सर्ज (योद्ध्याची पाळीतली जादा ॲक्शन) शिल्लक आहे असं धरा, कारण राक्षस दिसला की पहिल्या राउंडला तेच निघतं. दुसऱ्या राउंडच्या शेवटी तीन आकडे बघा. राक्षसाचे निम्म्याहून कमी उरले असतील तर एक अवयव वाढवा, हिट पॉइंट नको. एखादं पात्र पूर्ण ताकदीवरून एका पाळीत शून्यावर आलं असेल तर त्या फटक्याचा एक फासा काढा आणि तेवढंच नुकसान दुसऱ्या अवयवाला द्या. दोन्ही राउंडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा जागचा हलला नसेल, तर नकाशा पुन्हा काढा.